थंडीनं प्यायलेलं तेल

माहुलला ज्यानं दिवस काढलेत त्याला टँकरची रांग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खाडीकडून वारा सुटला की आमच्या चेंबूरच्या बिल्डिंगमध्ये दोरीवरच्या कपड्यांनाही तो वास धरतो. मी तिथल्या एका टँक टर्मिनलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं केमिस्ट होतो. टँकरवर चढायचं, झाकण उघडायचं, डिप घ्यायचा, म्हणजे पट्टी बुडवून तेल मोजायचं, बाटलीत नमुना भरायचा, उतरायचं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. त्यामुळे २०११ च्या पावसाळ्यात अंधेरीतल्या एका एजंटाच्या ऑफिसात ‘विमानाच्या इंधनाचा अनुभव असलेला केमिस्ट, पगार डॉलरमध्ये’ असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपण झोपेतही करू. ठिकाण विचारलं. एजंट म्हणाला, “कंदाहार. पण बेसच्या आत. बाहेर पडायचंच नाही.” लोणावळ्याचं हॉटेल सांगावं अशा सुरात म्हणाला.

घरी काय झालं ते फारसं लिहीत नाही. आई आठ दिवस बोलली नाही. बायकोनं एकच विचारलं, “अहो, किती महिने?” चौदा, म्हणालो. घराचे हप्ते तिलाही पाठ होते. एजंटानं सेवाशुल्क म्हणून दीड महिन्याचा पगार आधीच काढून घेतला आणि पावती मागितल्यावर चहा मागवला.

मुंबईहून दुबई, आणि दुबईला टर्मिनल दोन. अफगाणिस्तान-इराकची बरीच विमानं तेव्हा तिथून सुटायची. आमच्या विमानात गणवेशातला एकही माणूस नव्हता. केरळचे आचारी, नेपाळी पहारेकरी, फिलिपिनो मेकॅनिक आणि मी. परदेशातली फौज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूकवाले येतात. प्रत्यक्षात तिला जेवू घालणारे, तिचे कपडे धुणारे आणि तिच्या टाक्या भरणारे कुठून कुठून येतात, ते त्या विमानात कळलं.

ऑक्टोबरात उतरलो. कंदाहारची धूळ मैद्यासारखी. घड्याळाच्या काचेच्या आत जाते. विमानतळ म्हणजे एक गावच होतं. मधोमध लाकडी फळ्यांचा चौक, त्यात कॅनडाच्या सैनिकांनी बांधलेलं हॉकीचं मैदान, आणि एका बाजूला सांडपाण्याचा तो प्रसिद्ध तलाव. त्याच्यापुढे माहुलचा वास म्हणजे अत्तर. रात्री भोंगा वाजायचा आणि एक ब्रिटिश बाई शांत आवाजात ‘रॉकेट अटॅक’ असं सांगायची. पहिल्या आठवड्यात मी पलंगाखाली घुसलो. महिन्याभरानं कूस बदलून झोपायला लागलो.

माझं काम इंधनाच्या यार्डात. लोखंडी टाक्या थोड्या, बाकी सगळे ब्लॅडर. म्हणजे जाड रबरी कापडाच्या प्रचंड पिशव्या, मातीचे बांध घालून जमिनीवर पसरलेल्या. एकेका पिशवीत दोन लाख लिटरच्या आसपास तेल. भरल्या की रवंथ करत बसलेल्या म्हशींसारख्या दिसायच्या. उन्हात फुगायच्या, पहाटे पोट आत घ्यायच्या. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आत सगळीकडे एकच इंधन. नाटोच्या भाषेत एफ-३४, अमेरिकनांच्या तोंडी जेपी-८. मूळ आपलं विमानाचं एटीएफच. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या: पाणी गोठू नये म्हणून एक, स्थिर वीज साठू नये म्हणून एक, आणि पंप-पाइप गंजू-झिजू नयेत म्हणून एक. हेलिकॉप्टरला तेच, ट्रकला तेच, रणगाड्याला तेच, स्वयंपाकघरामागच्या जनरेटरलाही तेच. डिझेल इंजिनात केरोसीनसारखं तेल घालायचं हे मला आधी पाप वाटलं. डिझेलला जो चिकटपणा असतो तो यात नाही, इंजिनाचे पंप लवकर कुरकुरतात. पण दहा प्रकारची तेलं दहा रस्त्यांनी आणून त्यातलं चुकीचं एक चुकीच्या टाकीत जाण्यापेक्षा हे परवडतं. थंडीचाही फायदा आहे. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत गोठायला लागतं. आपल्याकडे लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल २०१९ मध्ये काढावं लागलं. एफ-३४ मात्र उणे ४७ पर्यंत तग धरतं.

हे सगळं तेल जातं कुठे? मला वाटायचं, विमानांच्या पोटात. निम्मं उत्तर तेवढंच. उरलेलं जनरेटर पितात. तंबूतले एसी, हिवाळ्यात हीटर, फ्रीज, रेडिओ, दिवे. आमच्या आठजणांच्या कंटेनर-खोलीचा एसीसुद्धा त्याच तेलावर चालायचा. आणि ते तेल आणायला कुणीतरी बोलनच्या घाटातून जीव मुठीत धरून यायचा. अमेरिकी सैन्याच्याच २००९ च्या एका अभ्यासात हिशेब आहे: अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला. त्याच वर्षी त्यांच्या संसदेत सांगितलं गेलं, की अगदी दूरच्या चौकीपर्यंत पोचेतो एका गॅलनचा खर्च ४०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर.

अडचणीचं मूळ नकाशातच आहे. अफगाणिस्तानला समुद्र नाही. रेल्वे म्हणावी तर उत्तरेला हैरतान ते मजार-ए-शरीफ जेमतेम ७५ किलोमीटर, तीही तेव्हा नुकती सुरू होत होती. मुंबईत जहाज जवाहर द्वीपाला लागतं, आमच्या भाषेत बुचर आयलंडला, आणि समुद्राखालच्या पाइपातून तेल सरळ माहुलला येतं. मध्ये ना ड्रायव्हर ना घाट. तिथे थेंबन् थेंब चाकांवर. दारं दोन. दक्षिणेचं कराचीहून: एक वाट चमनवरून कंदाहारला, दुसरी तोरखमवरून काबूलला. उत्तरेचं दार उझबेकिस्तानातून, सालंगचा बोगदा ओलांडून. आम्ही चमनच्या वाटेवरचे.

टँकर घ्यायची पद्धत सांगतो. आधी तो फाटकाबाहेरच्या मैदानात थांबायचा, कधी एक दिवस, कधी पाच. कुत्रे हुंगून जायचे, खालून आरसा फिरायचा. मग आत. सीलचे नंबर कागदाशी जुळवायचे, झाकणावरचे आणि खालच्या व्हॉल्व्हवरचेही. स्थिर वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची क्लिप आधी, बाकी सगळं नंतर. थोडा वेळ टँकर निवांत उभा ठेवायचा, म्हणजे पाणी तळाला बसतं. पट्टीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून डिप घ्यायचा. मग तळातून नमुना.

पहिली परीक्षा डोळ्यांची. स्वच्छ काचेच्या बरणीत तेल घेऊन ते गरकन फिरवायचं आणि भोवरा शांत होईपर्यंत बघत राहायचं. पाणी असेल तर तळाला मोत्यासारखा थेंब जमतो, माती असेल तर भोवऱ्याच्या टोकाखाली चिमूटभर गोळा होते. नंतर सिरिंजच्या तोंडाला पिवळी कॅप्सूल लावून तेल ओढायचं. डोळ्यांना न दिसणारं पाणी असलं की ती हिरवी पडते. मग हायड्रोमीटर, तापमान, घनता. घनता ७७५ ते ८४० च्या बाहेर गेली की समजायचं, वाटेत कुणीतरी हात मारलाय. पाण्याचा एवढा बाऊ का, असं घरी कुणी विचारलं होतं. वर आकाशात ते गोठून फिल्टर बंद पडतो, आणि खाली ब्लॅडरच्या उबेत पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे बुरशी धरते. तपकिरी, साईसारखी, बोटाला बुळबुळीत. ती एकदा धरली की पिशवी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही.

चोरीचे प्रकार मला नवे नव्हते. गुप्त कप्पा, सील न तोडता बिजागरीतून उघडणारं झाकण, डिपच्या नळीखाली वेगळी नळी. माहुलनं यातलं बरंच शिकवलेलं होतं. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी जे झालं त्यात मी आधी चुकीच्याच बाजूला उभा होतो.

टँकर कराचीच्या केमारीहून आलेला. केमारी म्हणजे त्यांचं शिवडी-माहुल. ड्रायव्हर पन्नाशीचा पठाण, दाढी मेंदीनं लाल, टँकरच्या कपाळावर मोर रंगवलेला. कागदावर ४०,००० लिटर. आमच्या मापात ३९,०६०. तूट ९४० लिटर. ऑफिसातल्या फिलिपिनो मुलीनं ‘शॉर्टेज’च्या रकान्यात आकडा टाकला. तूट वाहतूकदाराच्या भाड्यातून कापली जायची आणि वाहतूकदार ती ड्रायव्हरच्या पदरात घालायचा. खानसाहेब काही ओरडला वगैरे नाही. टोपी काढली, परत घातली, आणि मला म्हणाला, “मास्टर, सील देखो. मोर की क़सम.” मला हसू आलं. मोराची शपथ कोण घेतं?

सील ठीक होती. झाकण ठीक. मी आत टॉर्च मारला, कप्पा नाही. घनता बरोबर, म्हणजे पाणी घालून पळवापळवही नाही. खाली उतरताना टँकरच्या पत्र्याला हात लागला आणि बर्फाला लागावा तसा मी तो झटकला. रात्री पारा दोनवर गेला होता. थर्मामीटर पुन्हा आत सोडला. ९ अंश.

इथे कुठल्याही केमिस्टच्या डोक्यात घंटा वाजायला हवी, आणि माझ्या डोक्यात ती अर्धा तास उशिरा वाजली. तेल तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं. दर अंशाला साधारण हजारात एक भाग, त्याहून किंचित कमी. चार-दोन लिटरच्या डब्यात कळत नाही, चाळीस हजारांत कळतं. म्हणून जगभर तेलाचा हिशेब १५ अंशांवर आणून करतात. तेल नऊ अंशांवर उतरलं हे समोर होतं. चढलं किती अंशांवर होतं?

कराचीच्या चिठ्ठीत तापमानाचा रकाना कोरा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं, दोन सारख्या खुणा. ना मला कळल्या, ना त्या मुलीला. तेव्हा मला दाभोळचे मामू आठवले. आमच्याच यार्डात फोर्कलिफ्ट चालवायचे, शिक्षण कोकणातल्या उर्दू शाळेत. चिठ्ठी हातभर लांब धरून त्यांनी बघितली आणि म्हणाले, “अरे, हे तर तेहतीस. उर्दूत लिवलंय.”

तेहतीस वजा नऊ, चोवीस. कोष्टक काढून बसलो. ३३ अंशांवरचे ४०,००० लिटर ९ अंशांवर सुमारे ३९,११० होतात. म्हणजे ९४० पैकी ८९० लिटर खानसाहेबानं प्यायलेले नव्हते, थंडीनं प्यायले होते. उरले पन्नास. एवढे तर दोन आठवड्यांच्या रस्त्यात बाष्पानं जातात आणि टँकरच्या कोपऱ्यात चिकटून राहतात.

कागद घेऊन सुपरवायझरकडे गेलो. टेक्ससचा म्हातारा, तेलातच हयात गेलेली. त्याला समजावावं लागेल असं मला वाटलं होतं. त्यानं वाचायच्या आधीच मान हलवली. त्याला सगळं ठाऊक होतं. सैन्याकडून कंपनी पैसे घ्यायची ते तापमान सुधारलेल्या लिटरचे. वाहतूकदाराला द्यायची ते डोळ्यांना दिसेल त्या लिटरचे. करारच तसा. हिवाळ्यात प्रत्येक टँकरमागे काही शे लिटरचं भाडं आणि दंड असा मधल्यामध्ये सुटायचा. “बदलायचं तर दुबईला लिहावं लागेल,” तो म्हणाला. मग थोडं थांबून त्या एका टँकरची तूट त्यानं स्वतःच्या सहीनं माफ केली. माणूस वाईट नव्हता. रकाना मात्र तसाच राहिला.

खानसाहेबाला मी यार्डाच्या कडेला बसून समजावलं, माझ्या मुंबईच्या हिंदीत. ‘ठंड ने पिया’ हे त्याला पटेना. मी पेप्सीची प्लॅस्टिकची बाटली आणली, रात्री बाहेर ठेवल्यावर ती कशी चेपते ते दाखवलं. (बाटलीत हवा असते, तेल नाही, पण उदाहरण चाललं.) तो बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझे याआधीचे सगळे हिवाळे?” तो किती वर्षं ही खेप मारतोय ते मी विचारलं नाही. चहा झाल्यावर मोराला फडकं मारून तो निघून गेला.

दहा-बारा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, सीमेवर सलाला इथल्या पाकिस्तानी चौक्यांवर नाटोचा हवाई हल्ला झाला. पाकिस्तानचे २४ सैनिक मेले आणि पाकिस्ताननं दोन्ही वाटा बंद केल्या. आम्हाला ते बातम्यांत नाही, फाटकाबाहेरच्या मैदानात कळलं. रोज टँकरांनी भरलेलं मैदान दोन दिवसांत रिकामं झालं. कुत्री फिरायला लागली. कराची बंदरात हजारो गाड्या अडकून पडल्याच्या बातम्या नंतर आल्या. डिसेंबरात क्वेट्ट्याबाहेर थांबलेल्या टँकरवर हल्ला झाला, बरेच जळाले. मी टीव्हीवर त्यात मोर शोधत होतो. जळलेले टँकर सगळे सारखेच दिसतात.

आमच्याकडे बोलणं एकाच गोष्टीचं: साठा किती दिवसांचा. तो आकडा आम्हाला कुणी सांगत नसे, पण रोज डिप घेणाऱ्याला काय सांगायचं? म्हशींची पोटं खपाटीला चालली होती. कामगारांच्या बाजूला गरम पाण्याच्या वेळा कमी झाल्या. विमानं मात्र एकही दिवस थांबलेली मी पाहिली नाहीत. त्याची किंमत नंतर वाचली: पाकिस्तानची वाट बंद झाल्यावर अफगाणिस्तानला सामान पोचवायचा अमेरिकेचा खर्च महिन्याला १.७ कोटी डॉलरवरून १०.४ कोटी डॉलरवर गेला.

उत्तरेचं तेल आमच्याकडे यायला लागलं. तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवरचा, सोव्हिएत मदतीनं बांधलेला, १९६४ मध्ये खुला झालेला सालंगचा बोगदा, तो ओलांडला की काबूल, मग गझनी-झाबुलवरून कंदाहारचा महामार्ग, जिथे पुलांखाली काय पेरलेलं असेल सांगता येत नाही. त्या हिवाळ्यात बर्फही उदंड. टँकर यायचे ते चिखलानं माखलेले, काचा तडकलेल्या. त्यातलं बरंच तेल रशियन मानकाचं, टीएस-१. कागद रशियन भाषेत. आता दाभोळचे मामू कामाचे नव्हते, एका युक्रेनियन मेकॅनिकला बिड्यांची लाच देऊन बसवावं लागे.

टीएस-१ विमानाला चालतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान २८ अंश, आपल्याकडच्या एटीएफचा ३८. हिवाळ्यात या दहा अंशांचं काही वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पोटातलं तेलच ३५ वर जातं, म्हणजे झाकण उघडल्यावर वर तरंगणारी वाफ ठिणगीची वाटच बघत असते. अर्थिंगची क्लिप नीट बसली की नाही हे मी तीन-तीनदा बघायला लागलो. आमच्यातल्या एका पोऱ्यानं एकदा नायलॉनचं जॅकेट टँकरवर चढून काढलं. अंधारात चटचट ठिणग्या दिसल्या. कुणी काही बोललं नाही. त्याला खाली उतरवलं आणि त्याला आठवडाभर स्वयंपाकघरात पाठवलं.

पाकिस्ताननं वाट उघडली जुलै २०१२ मध्ये, सात महिन्यांनी. लगेच काही रांगा लागल्या नाहीत. ऑगस्ट निम्मा सरला तेव्हा एका दुपारी फाटकातून मोर आत आला. रंग उडालेला, एक पंख खरवडलेला. खानसाहेब बारीक झाला होता. सात महिने कराचीत टँकरखाली झोपलो म्हणाला. रोज भत्ता मिळेल असं मालक सांगायचा, तेवढंच.

वर चढून डिप घेतला. तेल ४० अंश. कराचीत चढलं होतं ३२ वर, यावेळी त्यानं आकडा स्वतः चिठ्ठीच्या मागे इंग्रजीत लिहून घेतला होता. शिवाय सदऱ्याच्या खिशातून त्यानं एक लांबोडी डबी काढली. आत काचेचा थर्मामीटर. ताप बघायचा. पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत. कराचीच्या औषधाच्या दुकानातून आणला होता. “मेरा भी देखो,” म्हणाला. मी तो बरणीत बुडवला. चाळीस दाखवला, चोख. हिवाळ्यात तो का चालणार नाही हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो इतका खूश दिसत होता की मी बरणी धुवायला घेतली.

माप आलं ४०,२९०.

खानसाहेब हिशेबाला पक्का. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दाढीतल्या दाढीत हसला. “मास्टर, ये तीन सौ लिटर किसका?”

मी ऑफिसात गेलो. फिलिपिनो मुलगी तीच. तिनं पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. शॉर्टेजला रकाना होता. जादाला नव्हता. तिनं ४०,००० लिहिलं आणि पुढचा टँकर बोलावला.